आमचं फॉस्टर कुटुंब (आईवडिलांपासून दूर राहावं लागणाऱ्या मुलांना काही काळ सांभाळणारं) धार्मिक आणि माणसांनी भरलेलं आहे. नव्याने येणाऱ्या दोन भावंडांचं स्वागत कसं करावं?

तुम्ही लिहिलंय की घरात तुमची स्वतःची तीन मुलं आहेत, आधीपासून सांभाळायला घेतलेली एक मुलगी आहे, रोज संध्याकाळी सगळे मिळून प्रार्थना करता, आणि आता नऊ वर्षांचा मुलगा आणि त्याची चार वर्षांची बहीण येणार आहेत. पहिल्याच संध्याकाळी नातेवाईक आणि प्रार्थनेचे सोबती बोलावून स्वागत करावं का, हा तुमचा प्रश्न.

करू नका. हेतू चांगलाच आहे, पण ज्या मुलाचं घर आजच सुटलंय त्याच्यासाठी तो दिवस आनंदाचा नसतो. पहिले दोन आठवडे घरात राहणाऱ्या माणसांखेरीज कुणी नको. दारात तुम्ही दोघंच उभे राहा, बाकीची मुलं आपापल्या कामात असू देत.

खरी तयारी मुलं यायच्या आधीच्या फोनवर होते. समाजसेविकेला विचारून लिहून घ्या: औषधं कोणती आणि शेवटचा डोस कधी दिला, कशाची अ‍ॅलर्जी आहे, घरी कोणत्या नावाने हाक मारतात, झोपताना दिवा लागतो का, दोघं एकत्र झोपतात का, त्यांच्या घरचा धर्म कोणता आणि खाण्यापिण्याचे नियम काय, आईवडिलांशी बोलणं कधी होणार, कोणाला भेटायची मनाई आहे. औषधं मूळ वेष्टनात आणि चिठ्ठीसकट मागा. सोबत आलेलं पांघरूण किंवा मऊ खेळणं कितीही मळकं असलं तरी लगेच धुऊ नका, त्याला घरचा वास असतो.

घर दाखवताना थोडक्यात आटपा. बाथरूमची कडी कशी लागते, रात्री जाग आली तर कोणतं दार वाजवायचं, एवढं पुरे. नियमही तीनच सांगा: आत जाण्याआधी दार वाजवायचं, ज्याने त्याने आपल्याच अंथरुणात झोपायचं, कुणी कुणाला मारायचं नाही.

काही दिवसांत उशीखाली बिस्किटं सापडली तर ती चोरी समजू नका. पुढचं जेवण मिळेल की नाही याची खात्री नसलेलं मूल साठवतं. कपाटाला कुलूप लावलंत तर साठवणं वाढेल. दोघांना झाकणाचा एकेक डबा द्या, त्यात फळं आणि सुका खाऊ रोज त्यांच्यासमोर भरा आणि शिक्षा म्हणून तो कधीही काढून घेऊ नका. ही सवय सुटायला महिने लागतात.

आता प्रार्थनेबद्दल. माझ्या मते तुमच्यासारख्या घरात सगळ्यात जास्त जपायला हवं ते इथेच. जेवणाआधी प्रार्थना करत असाल तर पहिल्याच दिवशी आधी सांगून ठेवा: 'आम्ही अर्धा मिनिट प्रार्थना करतो. तू नुसता बसलास तरी चालेल. जेवण तुला मिळणारच आहे.' आणि मुलांची ताटं प्रार्थनेआधी वाढा. भुकेल्या मुलासमोर लांबलेली प्रार्थना म्हणजे जेवणासाठी मोजायची किंमत ठरते. संध्याकाळच्या प्रार्थनेच्या वेळी पर्यायही खरा असायला हवा: शेजारच्या खोलीत चित्रकलेचं सामान आणि सोबतीला एक मोठं माणूस. 'नको असेल तर खोलीत जाऊन बस' असं म्हटलंत तर ती शिक्षाच झाली.

यात फक्त सौजन्याचा प्रश्न नाही. मुलांच्या पर्यायी देखभालीसाठी, म्हणजे आईवडिलांऐवजी दुसऱ्यांनी त्यांना सांभाळण्यासाठी, संयुक्त राष्ट्रांनी 2009 साली स्वीकारलेली मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट सांगतात की उपासनेत भाग घ्यायचा की नाही हे मुलाने मोकळेपणी ठरवावं आणि देखभालीत असताना त्याला धर्म बदलायला प्रवृत्त करू नये. 1989 च्या बालहक्क करारातलं 20 वं कलमही मुलाची धार्मिक, सांस्कृतिक आणि भाषिक पार्श्वभूमी ध्यानात घ्यायला सांगतं. तेव्हा त्यांचा धर्म वेगळा असेल तर त्यांचं पुस्तक, सण, उपास यांची सोय करणं तुमच्याकडे येतं. कोणताही संस्कारविधी, अगदी केस कापणंसुद्धा, मुलं तुमच्याकडे सोपवणाऱ्या संस्थेला आणि त्यांच्या आईवडिलांना विचारल्याशिवाय करू नका.

काही वाक्यं घरात सगळ्यांनीच टाळा. 'देवानेच तुला आमच्याकडे पाठवलं' हे ऐकून मुलाला वाटतं की आईपासून तोडलं तेही देवानेच. 'त्यांना क्षमा कर' म्हटलं की ज्याच्यावर अन्याय झालाय त्याला 'गप्प बस' असं ऐकू येतं. आणि सामूहिक प्रार्थनेत त्यांची नावं घेऊन त्यांच्या घरची हकिकत सांगू नका. भावना कितीही खरी असली तरी गोपनीयता मोडतेच.

सोबत्यांना मदत करायची असेलच तर त्यांना कामं वाटून द्या: जेवणाचा डबा दारात ठेवणं, तुमच्या मुलांना क्लासला सोडणं. मुलांना खायला घालणं, आंघोळ घालणं, झोपवणं मात्र ठरलेल्या एकदोन माणसांनीच करावं. कोणाकडे धावायचं हे मूल रोजच्या त्याच त्या हातांमुळे शिकतं. चार वर्षांची मुलगी येईल त्याच्या मांडीवर बसत असेल तर तिचं 'किती माणसाळलेली' म्हणून कौतुक करू नका. भरवशाचं माणूस कोण, हे तिला अजून कळलेलं नसेल.

भाऊ तिला भरवेल, तिचं नाक पुसेल, तुम्हाला जवळ येऊ देणार नाही. 'आता तुला काळजी करायची गरज नाही' म्हणून त्याचं काम एकदम काढून घेऊ नका, आजवर तोच तिचा आधार असतो. कपडे त्याने निवडावेत, आंघोळ तुम्ही घालावी, असं वाटून घेत हळूहळू भार आपल्याकडे घ्या.

तुमच्या मुलांना प्रत्येकी एक कुलूपबंद खण आणि रोज पंधरा मिनिटं एकट्याची द्या, त्यात तक्रार करायचीही मुभा हवी. आधीपासूनच्या मुलीला नवी मुलं आली की आता आपल्याला हलवणार अशी भीती वाटते. तिची खोली, तिची शाळा बदलणार नाही हे तिला आपणहून सांगा, पण जे ठरलेलंच नाही त्याचं वचन देऊ नका.

पहिले काही आठवडे मुलं पाहुण्यासारखी शहाणी वागतात. मग आदळआपट सुरू होते आणि बरीच घरं इथे खचतात. बहुतेकदा हे विश्वास बसू लागल्याचं लक्षण असतं: असा वागलो तरी हे मला ठेवतील का, हे मूल पाहत असतं. आईवडिलांना भेटून आल्यावर अंथरूण ओलं होईल, जेवण नको म्हणेल. त्यावरून भेटी वाईट असा निष्कर्ष काढू नका, आवडत्या माणसांना पुन्हा सोडून येणं जड जातंच. भेटीच्या दिवशी संध्याकाळी पाहुणे, क्लास, कार्यक्रम काहीही ठेवू नका. रात्री तारीख, वेळ आणि मुलाचे शब्द जसेच्या तसे वहीत लिहा. तुमचे तर्क त्यात नकोत, कारण पुढच्या बैठकीत समाजसेविका याच नोंदी वाचेल.