सुप्रीम कोर्ट वाचायला कुठनं सुरू करायचं

बाळा, पर्वरीला प्रॅक्टिस सुरू करतोयस ना, मग तारीख बघितल्याशिवाय कुठलंच जजमेंट वाचू नको. 1950 चं गोपालन आणि 1978 चं मनेका गांधी शेजारी शेजारी ठेव, घटनेचं कलम 21 तेच, म्हणजे जगण्याचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क, शब्द पण तेच, पण आधी कोर्ट म्हणायचं कायदा केलाय ना मग झालं आणि नंतर म्हणालं ती प्रक्रिया न्याय्य आणि वाजवी पण पाहिजे. सुरवातीला जमीन, मालमत्ता, भरपाई यातच कोर्टाची बरीच शक्ती गेली, त्याच भांडणातनं 1973 चं केशवानंद, संसदेला घटनेची मूळ चौकट मोडता येत नाही म्हणणारं, 13 जज, 7 विरुद्ध 6. आणीबाणीतलं 1976 चं जबलपूर, अटकेविरुद्ध कोर्टात दाद मागता येत नाही म्हणणारं, वाचताना त्रास होतो, पण वाचच. मग 1979 चं हुसैनारा, बिहारच्या तुरुंगात वर्षानुवर्षं पडलेले कच्चे कैदी, तिथनं पीआयएलला, म्हणजे जनहित याचिकांना, जोर आला.

आणि आपलं गोव्याचंच बघ ना, 7 फेब्रुवारी 2018, दुसऱ्यांदा रिन्यू केलेली 88 खाण लीजं एका निकालात रद्द, डिचोलीत घराघरापुढे ट्रक ताडपत्री घालून उभे राहिलेले मी बघितलेत. तो निकाल अख्खा वाच, हेडनोटवर, म्हणजे वर छापलेल्या सारांशावर, भागवू नको. उद्या संध्याकाळी ये, गोपालनमधलं न्यायमूर्ती फाझल अलींचं वेगळं मत आपण मिळून वाचू.