‘साक्षात्कार’ नव्हे, ‘भास’

शाहूपुरीतून प्रश्न आला आहे : पेरू देशातल्या विधीत आयावास्का या वेलीचा काढा पहिल्यांदा पिणाऱ्यांना ‘साक्षात्कार’ होतो, असं वाचलं. घरातले म्हणतात, सरळ ‘नशा’ म्हण. बरोबर काय?

दोन्ही चूक. साक्षात्कार वेदान्तातला; तो झाला की अज्ञान परतून येत नाही. हा अनुभव चार-सहा तासांत ओसरतो. इतका जड शब्द बातमीदार इतक्या सहज वापरतात याची चीड येते. नशेत भान सुटतं, इथे ते बहुधा शाबूत असतं.

तिकडच्या केचुआ भाषेत ‘आया’ म्हणजे मृतात्मा, ‘वास्का’ म्हणजे दोर किंवा वेल. ही वेल ठेचून चाक्रुना नावाच्या झुडपाच्या पानांबरोबर कित्येक तास उकळतात. पानांतलं डीएमटी, म्हणजे हा अनुभव घडवणारं रसायन, नुसतं पोटात गेलं तर तिथलं एन्झाइम ते मोडून टाकतं. वेलीतलं हार्मिन त्या एन्झाइमला अडवतं. म्हणूनच नैराश्यावरच्या काही गोळ्या चालू असताना हा काढा जिवावर बेततो. अर्ध्या-पाऊण तासात मळमळ, बहुतेकदा उलटी, मग मिटल्या डोळ्यांपुढे नक्ष्या, साप, गेलेली माणसं. नवखा घाबरतो तो इथे.

परिभाषा घडवणारे याला ‘भ्रम’ म्हणतात, ते मला साफ अमान्य आहे. दोरीला साप समजणं हा भ्रम. इथे साप दिसतो आणि तो त्या वेलीच्या काढ्यातून आलाय हेही पिणाऱ्याला बहुधा ठाऊक असतं.

शब्द हवा ‘भास’. ‘भास म्हणजे खोटं’ हा अर्थ नंतर आकसत आला. मूळ धातू भास्, त्याचा सख्खा भाऊ भा : उजळणं, उजळून दिसणं. भान, प्रभा, भास्कर हे सगळे याच घरचे. आता गंमत बघा. १९५६ मध्ये असा अनुभव देणाऱ्या द्रव्यांना नाव शोधताना लेखक ऑल्डस हक्सलीनं ‘फॅनेरोथाइम’ सुचवलं, मनोविकारतज्ज्ञ हम्फ्री ऑस्मंडनं ‘सायकेडेलिक’, आणि ऑस्मंडचा शब्द टिकला. पण हक्सलीच्या शब्दातलं ग्रीक ‘फॅनेरोस’, म्हणजे उघड दिसणारं, आपल्या ‘भा’च्याच मुळातून आलंय, आणि ‘थायमॉस’, म्हणजे प्राण, मन, हा तर आपल्या ‘धूम’चा जुळा भाऊ! भा आणि धूम, धुरातून उजळून आलेलं मन. असा शब्द हरावा याचं मला खरंच वाईट वाटतं. मराठीनं तरी ‘भासकारी वनस्पती’ म्हणावं. ‘भ्रमजनक’ कोशातच राहू दे.

विधीनंतर पिणारा जो अर्थ लावत बसतो, त्याला कोल्हापुरात तयार शब्द आहे : ‘जोतिबानं दृष्टान्त दिला’ मधला दृष्टान्त. तो नुसता दिसून भागत नाही, उलगडावा लागतो. ‘अंगात आलं’ मात्र म्हणू नका. वारं आलं की देव त्या माणसाच्या तोंडून इतरांशी बोलतो. हा काढा पिणारा बहुतेक वेळ गप्प बसून स्वतःच पाहत असतो.