घरातली हजारभर मराठी पुस्तके विषयानुसार लावावीत की लेखकानुसार?

आपण विचारले आहे की, घरात जमलेली हजारभर मराठी पुस्तके विषयानुसार लावावीत की लेखकानुसार, आणि त्यासाठी ग्रंथालयातली दशांश पद्धत, म्हणजे प्रत्येक विषयाला ठरावीक आकडे देऊन पुस्तके लावण्याची पद्धत, वापरावी का. माझे मत असे की, कपाटाला हात लावण्यापूर्वी आपण नोंदवही तयार करावी. मांडणी पुढे अनेकदा बदलेल, पण नोंद एकदा नीट झाली की ती टिकते, आणि आपल्या संग्रहात काय आहे व काय राहून गेले आहे हे कपाटाच्या आधी त्या नोंदीतच दिसू लागते.

दाखल क्रमांक (पुस्तक संग्रहात आले त्या क्रमाने दिलेला आकडा), लेखक, शीर्षक, प्रकाशक, आवृत्ती, वर्ष, जागा आणि शेरा एवढे रकाने पुरतात. नोंद संगणकावर ठेवली तर शोधणे सोपे जाते. शेऱ्याचा रकाना मात्र रुंद ठेवावा. माझ्याकडे पदपथावर घेतलेला एक जुना काव्यसंग्रह आहे. त्याच्या शीर्षकपानावर कधीच बंद पडलेल्या एका वाचनालयाचा जांभळा शिक्का आहे, शिक्क्याखाली टाकाने केलेली सही आहे आणि वर्ष नुसते ‘शके 1845’ असे छापले आहे. शकात 78 मिळवले की 1923 हे इसवी सन येते (शकवर्षाच्या अखेरचे महिने असतील तर 79 मिळवावे लागतात). वर्षाच्या रकान्यात मी दोन्ही सन लिहितो आणि शिक्का व सही शेऱ्यात नोंदवतो, कारण हे पुस्तक कुणाकुणाच्या हातून आले हे सांगणारा दुसरा पुरावा कुठेही नाही.

दशांश पद्धतीविषयी मी स्पष्टच सांगतो: घरच्या मराठी संग्रहाला तिचा फारसा उपयोग नाही. मेल्विल ड्यूई यांनी 1876 मध्ये प्रसिद्ध केलेल्या या वर्गीकरणात 800 हा साहित्याचा वर्ग आहे. त्यात इंग्रजी, जर्मन, फ्रेंच अशा मोजक्या युरोपीय भाषांना दहा-दहा क्रमांकांचे स्वतंत्र गट मिळाले, उरलेल्या बहुतेक भाषा 890 मध्ये एकत्र आल्या आणि मराठी साहित्याच्या वाट्याला 891.46 हा क्रमांक आला. ज्या घरात बहुतांश पुस्तके मराठी साहित्याचीच आहेत, तिथे जवळजवळ प्रत्येक पुस्तकावर हेच आकडे येतील आणि शोधताना ते काहीच सांगणार नाहीत. गणिताचे अध्यापन सोडून 1924 मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झालेल्या शि. रा. रंगनाथन यांनी 1931 साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले; त्यांतला ‘वाचकाचा वेळ वाचवा’ हा चौथा नियम मला घरासाठी सर्वांत मोलाचा वाटतो, आणि तुमच्या घरातले वाचक तुम्हीच आहात.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. आधी वाङ्मयप्रकार आणि त्याच्या आत लेखकाचे आडनाव, हा क्रम मराठी पुस्तकांना सर्वांत चांगला मानवतो, आणि त्याचे कारण आपल्याकडच्या टोपणनावांत आहे. राम गणेश गडकरी यांची नाटके त्यांच्या नावावर, कविता गोविंदाग्रज या नावावर आणि विनोदी लेखन बाळकराम या नावावर आहे. शिरवाडकरांच्या नाटकांवर वि. वा. शिरवाडकर आणि कवितासंग्रहांवर कुसुमाग्रज असते; चिं. त्र्यं. खानोलकर कवितेत आरती प्रभू होतात. केवळ लेखकानुसार लावायचे म्हटले तर प्रत्येक वेळी कोणते नाव धरायचे हा पेच पडतो. प्रकारानुसार कप्पे केले की तो बहुतांशी आपोआप सुटतो, कारण टोपणनाव बहुधा एकाच प्रकाराला धरून असते आणि छापलेले नावच योग्य कप्प्यात पोहोचते. नोंदीत मात्र ‘आरती प्रभू : पाहा खानोलकर, चिं. त्र्यं.’ अशी जोडनोंद अवश्य करावी. एखाद्या लेखकाचे समग्र साहित्य आपण जिद्दीने जमवत असाल, तर त्या एकाला स्वतंत्र खण द्यावा; हा अपवाद मला पूर्णपणे रास्त वाटतो.

दिवाळी अंक पुस्तकांत मिसळू नयेत, ते वर्षवार लावावेत. कोश आणि संदर्भग्रंथ लिहिण्याच्या टेबलाजवळ, हाताशी असावेत. प्रत्येक कप्प्याचा साधारण चौथा भाग रिकामा सोडावा, नाहीतर एका नव्या पुस्तकासाठी अख्खी रांग सरकवावी लागते. कपाट ओलाव्याच्या भिंतीपासून चार बोटे दूर ठेवावे आणि पावसाळा संपला की पुस्तके बाहेर काढून, झटकून, कसर लागली आहे का ते पाहावे. दाखल क्रमांक शीर्षकपानाच्या मागे मऊ पेन्सिलीने लिहावा. क्रमांकाची चिठ्ठी चिकटपट्टीने लावू नये; चिकटपट्टीचा डिंक काही वर्षांनी कागदात उतरतो आणि तो डाग निघत नाही.