वाचकांचे प्रश्न: परड्यातले अळू आणि सुरण

प्रश्न: आमच्या घराच्या परड्यात दोन जागा मोकळ्या आहेत. एक न्हाणीच्या पाण्याच्या चराशेजारी असून तेथे बारमाही ओल असते. दुसरी कुंपणालगत, जराशी उंच आणि दिवसभर उन्हाची आहे. अळू आणि सुरण एकाच कुळातले असल्याचे वाचले. मग दोन्हींची निगा सारखीच ठेवली तर चालेल काय? आणि चार माणसांच्या घराला अधिक उपयोगी कोणते?
— एक वाचक, कसबा बावडा

उत्तर: कूळ एकच आहे हे खरे, आणि दोन्हींना येणारी खाजही एकाच कारणाची आहे, परंतु पाण्याच्या बाबतीत या दोघांचे अजिबात पटत नाही. अळवाला पायाशी पाणी लागते, तर सुरण पाणी साचले की कुजतो. त्यामुळे आपल्या दोन जागांची वाटणी आपोआपच झालेली आहे: चराशेजारी अळू आणि कुंपणालगत सुरण. उलट केले तर अळू कसेबसे तग धरील, सुरण मात्र श्रावण पाहणार नाही.

अळवाचे बेणे म्हणजे मूळ गड्ड्याभोवती फुटलेली पिले. ती जूनमध्ये, पहिला पाऊस मुरल्यावर, दोन-तीन इंच खोल आणि दीड-दोन फुटांच्या अंतराने लावावीत. शेणखत सढळ हाताने घालावे, कारण आपल्याला पाने हवी आहेत. दीड-दोन महिन्यांत पाने तोडण्याजोगी होतात. प्रत्येक झाडावर कोवळी दोन-तीन पाने ठेवून बाहेरची जून पाने देठासकट काढत गेल्यास नवी फूट थांबत नाही. न्हाणीचे साधे पाणी चालते. परंतु धुण्याच्या पावडरीचे पाणी तेथे सोडू नये, आणि संडासाचे किंवा गटाराचे पाणी ज्या चराला मिळते तेथील अळू खाऊ नये, मग ते कितीही तजेलदार दिसो.

लावतानाच एक गोष्ट ठरवून घ्यावी. काळसर-जांभळ्या देठाचे, जाड पानाचे अळू वडीला चांगले. फिकट हिरव्या देठाचे पातळ भाजीला. शेजारच्याकडून पिले आणताना ‘तुम्ही याचे काय करता’ एवढे विचारलेले बरे, कारण ओढ्याकाठी उगवणारे रानटी अळू आणि कुंडीत शोभेसाठी लावलेले त्याचे भाऊबंद दिसायला पुष्कळ सारखे असतात. खाण्याच्या अळवाचा देठ पानाच्या खाचेत न जुळता पाठीवर, खाचेपासून थोडा आत जुळतो, आणि पानावर टाकलेले पाणी थेंबांच्या गोळ्या होऊन घरंगळते. तरीही केवळ या खुणांवर विसंबू नये. ज्याच्या घरी ते शिजते त्याच्याकडूनच बेणे घ्यावे.

सुरणाचे वेळापत्रक निराळे आहे. अक्षय्य तृतीयेपासून वळवाच्या सरींपर्यंत त्याची लागण करावी. अर्धा ते एक किलो वजनाचा लहान कंद अखंड लावावा. मोठा कंद कापायचा असेल तर प्रत्येक फोडीला मधल्या डोळ्याचा, म्हणजे कोंब फुटतो त्या जागेचा, थोडा तरी भाग यायला हवा. कापलेल्या फोडी शेणकाल्यात बुडवून सावलीत सुकवाव्यात आणि मगच लावाव्यात. कोल्हापूरच्या कपिलतीर्थ मंडईत वजनावर कापून मिळणारी फोड भाजीला उत्तम. तिला डोळा नसेल तर ती मातीत घालणे म्हणजे पैसे मातीत घालणे होय. दोन झाडांमध्ये तीन फूट अंतर ठेवावे. खड्डा हातभर रुंद व खोल घेऊन त्यात शेणखत, माती आणि चुलीची राख मिसळावी. नदीकाठची आपली काळी जमीन पावसात पाणी धरून बसते, म्हणून तेथे उंच वरंबा किंवा गादीवाफा करून त्यावरच लागण करावी. पन्हाळा-राधानगरीकडच्या तांबड्या, निचऱ्याच्या मातीत ही काळजी तितकी लागत नाही. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत आपल्या परड्यात पाणी आले असेल, तर सुरण जमिनीत न लावता तळाला भोके पाडलेल्या पिंपात, ओट्यावर ठेवून लावणे शहाणपणाचे.

सुरणाची गादी कधी बदलू नका असे सांगणारेही भेटतील; परंतु दरवर्षी जागा बदललेली बरी, कारण बुंध्याशी पांढरी बुरशी येऊन झाड कोलमडण्याचा रोग मातीत टिकून राहतो.

आता उपयोगाचे. या दोन्ही वनस्पतींत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात. तेच जिभेला आणि घशाला टोचतात. म्हणून भरपूर शिजवणे आणि सोबत आंबट घालणे, ही दोन्ही पथ्ये पाळावीत: वडीच्या पिठात चिंच-गूळ, फतफत्यात आंबट चुका किंवा चिंच, आणि सुरणाच्या फोडी मिठाच्या व आमसुलाच्या पाण्यात उकडून ते पाणी टाकून देणे. चिरताना हात कोरडे ठेवून तेल लावावे. ‘गजेंद्र’ आणि तिरुवनंतपुरमच्या कंदपीक संशोधन संस्थेची ‘श्रीपद्मा’ हे सुरणाचे वाण फारसे खाजरे नाहीत. बेणे मिळाले तर तेच घ्यावे. ज्यांना मुतखड्याचा त्रास आहे त्यांनी मात्र दोन्ही पदार्थ डॉक्टरांना विचारूनच खावेत.

चार माणसांच्या घराला अधिक उपयोगी कोणते, या प्रश्नावर माझा कौल अळवाला आहे. सात-आठ झाडांवर पावसाळाभर आठवड्याला एकदा वडी किंवा भाजी सहज होते, देठ सोलून, शिजवून दह्यातली देठी करता येते, आणि पाने संपली तरी थंडीत अळकुड्या निघतात. सुरण वर्षातून एकदाच हाती येतो. त्याची खरी बाजू टिकण्यात आहे: तोडलेले अळू संध्याकाळपर्यंत मलूल होते, तर काढलेला सुरण कोरड्या, हवेशीर कोपऱ्यात दोन महिने सुखाने राहतो आणि उपवासाला चालतो, जे बेसनाच्या वडीला जमत नाही.

प्रश्न: गेल्या उन्हाळ्यात लावलेल्या सुरणाला एकच खोड आणि वर छत्रीसारखी पाने आली. दिवाळीनंतर ते सगळे पिवळे पडून आडवे झाले. रोग समजून उपटावे काय?
— एक वाचक, राजारामपुरी

उत्तर: रोग नाही, पीक तयार झाले आहे. आपण ज्याला खोड म्हणता तो ठिपक्याठिपक्यांचा देठ आहे आणि वरची सगळी छत्री मिळून एकच पान आहे. ते वाळले की पाणी पूर्ण बंद करावे व पंधरवड्याने कुदळीऐवजी खुरप्याने, कडेने माती सैल करत कंद काढावा. जखम झालेला कंद टिकत नाही. जुने बेणे आटून त्याच्या जागी नवा कंद धरलेला असतो. जोमदार जमिनीत तो बेण्याच्या चार-पाच पट भरतो. एखाद्या कंदाला पुढील पावसाच्या तोंडावर पानाऐवजी जांभळट, मेलेल्या उंदरासारखा वास येणारे फूल आले, तर घाबरू नये. माश्या आणि भुंगे बोलावण्याची ती त्याची रीत आहे.

प्रश्न: जुलैपासून अळवाच्या पानांवर तपकिरी, वलयावलयांचे डाग पडून भोके होत आहेत. औषध मारावे काय?
— एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर: हा अळवाचा करपा असून झडीच्या पावसात तो झपाट्याने पसरतो. घरच्या खाण्याच्या पानांवर फवारणी करू नये. डाग दिसताच ते पान देठासकट कापून परड्याबाहेर न्यावे, खतखड्ड्यात टाकू नये. झाडे दाट झाली असतील तर मधली काढून वारा खेळता करावा. आणि पुढील लागणीसाठी पिले निवडताना ज्या झाडावर सर्वांत कमी डाग होते त्याचीच घ्यावीत.