परत कसं यायचं ते आधी ठरव

तुझा रात्री दीडचा मेसेज वाचला आणि मग मलाच झोप लागेना. पोस्टग्रेस डेटाबेस आवृत्ती १२ वरून १६ वर न्यायचाय, पीजी-अपग्रेड (डेटाच्या फाइली थेट नव्या आवृत्तीत नेणारं टूल) वापरू की डम्प काढू (सगळा डेटा फाइलीत उतरवून नव्यात भरायचा) की रेप्लिकेशन (एका सर्व्हरवरचे बदल दुसऱ्यावर सतत पाठवत राहायचं), तिघं तीन गोष्टी सांगतायत म्हणतोस. त्यातल्या एकानेतरी विचारलं का, की फसलं तर परत कसं येणार? जायला तर हवंच, १२ चा सपोर्ट नोव्हेंबर २०२४ मध्येच संपलाय.

माझं सांगतो. ९.६ वरून १२ वर नेताना डिस्क कमी होती म्हणून मी पीजी-अपग्रेडचा लिंक मोड घेतला. त्यात फाइली कॉपी होत नाहीत, जुना आणि नवा दोन्ही सर्व्हर त्याच फाइलींवर असतात, आणि नवा एकदा सुरू केला की जुना वापरता येत नाही. हे मी वाचलं होतं रे, वाचून पुढे गेलो. चार मिनिटांत काम झालं, घरी जाऊन झोपलो. सकाळी दोन सेकंदांची क्वेरी अकरा मिनिटं लटकली. क्वेरी कुठल्या मार्गाने चालवायची ते प्लॅनर ज्या आकडेवारीवरून ठरवतो, ते स्टॅटिस्टिक्स नव्या सर्व्हरवर आलेच नव्हते (आता आवृत्ती १८ पासून बरेचसे येतात), ते पुन्हा गोळा करणारी अनालाइझ कमांड नुसती चालवली असती तर सुटलं असतं, पण ते सुचलंच नाही, कारण डोक्यात एकच, मागे जाऊ, आणि मागे जायला काही ठेवलंच नव्हतं मी. परतीची वाट असली ना की डोकं चालतं.

आणि त्याच रात्री ओएसपण बदलणार? अजिबात नको! जीलिबसी, म्हणजे लिनक्सची मूळ लायब्ररी, पोस्टग्रेस सहसा तिच्याच नियमांनी मजकूर क्रमाने लावतो, तिच्या २.२८ मध्ये सॉर्टिंगचे नियम बदलले, फ्लॅट नंबर ११ आधी आणि १-१ नंतर यायचा, ते उलटं झालं. जुनी मशीन त्याआधीची असेल तर पीजी-अपग्रेडने आलेला इंडेक्स (रेकॉर्ड पटकन शोधायची क्रमवार यादी) जुन्याच क्रमाने बसलेला राहतो, रेकॉर्ड टेबलात असतं आणि सर्चला सापडत नाही, एररसुद्धा येत नाही. टेक्स्टवरचे इंडेक्स रीइंडेक्स करावेच, म्हणजे नव्याने बांधावेच लागतात. एका रात्री एकच बदल कर, नाहीतर मागे यायचं म्हणजे नक्की कुठे यायचं तेच कळणार नाही.

कॉपी मोड घे, जुना सर्व्हर जसाच्या तसा ठेव. पण पहाटे नव्यावर पेमेंट यायला लागली की जुना डेटा शिळा होतो, मग मागे जाणं म्हणजे तेवढे व्यवहार फेकणं. म्हणून नव्यावरून जुन्याकडे लॉजिकल रेप्लिकेशन लावून ठेव, सीक्वेन्स (आपोआप पुढचा नंबर देणारे काउंटर) त्यातून जात नाहीत, ते मागे जाताना हाताने पुढे सरकवायचे.

दुप्पट डिस्क कशाला, तीन-तीन तालमी कशाला, हे मलाही ऐकवतात, अडेल म्हणतात. म्हणू देत. त्या सकाळी फोन मी घेत होतो, आणि तेव्हापासून लिंक मोडला हात लावलेला नाही, लावणारही नाही, उशीर झाला तर झाला.

बॅकअप आहे म्हणतोस, तो कधी रिस्टोअर करून बघितलायस? आधी ते कर, दुसऱ्या मशीनवर, घड्याळ लावून. किती वेळ लागला तो आकडा घेऊन उद्या जेवणानंतर फोन कर, शनिवारच्या अपग्रेडचं मग बोलू.