जुन्या बोटीवर जनरेटरशिवाय दिवे, फ्रिज आणि पंप चालतील का?

चालतील. पण सोलर पॅनल विकत घेण्याआधी विजेचा रोजचा खर्च अँपिअर-तासात (किती अँपिअर करंट गुणिले किती तास) मांडा. सगळ्यात खादाड निघतो तो फ्रिज: १२ व्होल्टचा छोटा कॉम्प्रेसर फ्रिजही दिवसाला सहज ३०-४० अँपिअर-तास खातो. दिवे एलईडी करून टाका, म्हणजे त्यांचा हिशोब जवळपास संपलाच.

१०० वॉटचा पॅनल चांगल्या उन्हात दिवसाला साधारण ३० अँपिअर-तास देतो. शिडाची किंवा डोलकाठीची सावली पडली की बरंच कमी. म्हणून २०० वॉट आणि एमपीपीटी कंट्रोलर (पॅनलमधून जास्तीत जास्त वीज काढून बॅटरी चार्ज करणारा) धरा. लेड-अ‍ॅसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवू नका. १०० अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे हातात ५०च. इंजिन सुरू करायची बॅटरी वेगळीच हवी, यात काटकसर नको. ढगाळ दिवसांसाठी इंजिनच्या अल्टरनेटरवरून (इंजिनवर फिरून वीज बनवणारा भाग) चार्जिंग ठेवा. बॅटरी लिथियमची असेल तर मध्ये डीसी-टू-डीसी चार्जर (अल्टरनेटरवर ताण येऊ न देता बॅटरीला योग्य व्होल्टेज देणारा) बहुधा लागेल.

आणि जुनी वायरिंग! टोकाचं इन्सुलेशन थोडं सोलून बघा. तांबं काळं-हिरवं पडलं असेल तर ती वायर बदला, नवी कलई केलेली घ्या. मेन फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ बसवा. एसी आणि गीझर मात्र विसरा.