रोज दोनदा फवारा मारूनही कोकेदामावरचं मॉस तपकिरी का पडतं?

ताई, तुम्ही मिरजेला राहता, कोकेदामा (कुंडीऐवजी मातीच्या गोळ्यात लावलेलं रोप, वरून मॉस म्हणजे शेवाळ गुंडाळून दोऱ्यानं बांधलेलं) ऑनलाइन मागवलाय, सकाळ-संध्याकाळ फवारा मारता आणि तरी महिन्याभरात मॉस तपकिरी पडून आतल्या सिंगोनियमनं मान टाकलीय. एवढ्यावरून सांगते, ते मॉस तुमच्या घरी आलं तेव्हाच मेलेलं असणार. वाळवून हिरव्या रंगात बुडवलेलं मॉस सर्रास विकतात. रंग उडाला की खालचा खरा तपकिरी दिसतो. सिंगोनियमची गोष्ट वेगळी आहे, ते तहानेनं चाललंय.

खात्री करायची तर पांढऱ्या वाडग्यात पाणी घ्या, त्यात मॉसची चिमूट टाका आणि तासाभरानं बघा. ही युक्ती मला कशी कळली ते सांगितल्याशिवाय मला पुढचं लिहिताच येणार नाही.

तीन वर्षांपूर्वी आमच्या इथल्या एका पुष्पप्रदर्शनात पहिल्यांदाच कोकेदामाचा वेगळा गट ठेवला होता. माझी तोवर वर्षभर खटपट चालू होती. पहिला गोळा दिरांच्या मळ्यातल्या काळ्या मातीचा केला. वळायला काय सुरेख! पण आपली काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसते. एप्रिलमध्ये एक दिवस पाणी चुकलं, तर गोळा आतल्या आत इतका आटला की वरचा दोरा सैल बांगडीसारखा लोंबायला लागला. फटीत बोट जात होतं. वरून ओतलेलं पाणी त्या फटीतून खाली, मुळं कोरडी ठणठणीत.

जपानात यासाठी केतो नावाची चिकट, कुजकट काळी माती आणि अकादामा नावाचे ज्वालामुखीच्या मातीचे दाणे साधारण सातास तीन घेतात. इथे ते मागवायचं म्हणजे रोपापेक्षा माती महाग. मी दोन वाट्या भिजवलेलं कोकोपीट, दोन वाट्या नदीकाठचा पोयटा आणि एक वाटी विटांचा चुरा घेते, वर मूठभर गांडूळखत. मुठीत दाबल्यावर बेसनाच्या लाडवासारखा आकार धरला पाहिजे, पण बोटांतून पाणी गळता कामा नये.

मॉसही मी आमच्या न्हाणीच्या मागच्या भिंतीवरचं लावून पाहिलं. ऑगस्टमध्ये मखमल. ऑक्टोबरची हीट सुरू झाली आणि त्याचे पापुद्रे सुटले. मग सरळ नारळाच्या शेंड्या साठवल्या, पिंजून गोळ्यावर थापल्या आणि नायलॉनच्या दोऱ्यानं आवळल्या. (सुती दोरा दोन-तीन महिन्यांत कुजतो, मग सगळा गोळा हातात येतो.) आत स्पायडर प्लांट, कारण त्याची मुळं जाड असतात, पाणी साठवून धरतात.

तो मी प्रदर्शनात ठेवला. परीक्षकांनी चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाले, "मॉस कुठाय? हा तर नारळ आहे." बाजूचे चार जण हसले. पहिलं बक्षीस आमच्याच भिशीतल्या काकूंच्या हिरव्यागार गोळ्याला. पाहुणे यायच्या आधी काकूंनी त्यावर फवारा मारला आणि दोन मिनिटांत खालच्या पांढऱ्या चादरीवर हिरवं कडं उमटलं, होळीला उमटतं तसं. मी कार्यकर्त्याला दाखवलं. तो म्हणाला, "खत असेल वहिनी." खत! काकूंचा गोळा पुढच्या भिशीपर्यंत टिकला नाही. माझा नारळ आजही खिडकीत लटकतोय, मधे दोनदा सोडून पुन्हा बांधलाय एवढंच.

तर पाण्याचं. फवारा बंद करा. तो वरची कातडी ओली करतो, गाभ्यापर्यंत पोचत नाही, आणि ओलं दिसतं म्हणून आपण निर्धास्त. गोळा हातात घेऊन तोलायला शिका. माझा नारळाएवढा गोळा कोरडा चारशे ग्रॅम भरतो, भिजल्यावर साडेसहाशे. पहिले पंधरा दिवस स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून पाहिला, आता हाताला कळतं. हलका लागला की बादलीत बुडवायचा, बुडबुडे थांबेपर्यंत, दहा-पंधरा मिनिटं. मग न्हाणीत अर्धा तास टांगून निथळू द्यायचा, नाहीतर टीव्हीवर ठिबकतो. एप्रिल-मेमध्ये एक दिवसाआड, कधी रोजही. जुलैत आठवड्यानं. अमक्या वारी पाणी घालायचं असं वेळापत्रक कुणी दिलं तर घेऊ नका.

बोअरचं पाणी असेल तर गोळ्यावर पांढरे क्षार धरतात. पावसाचं किंवा एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी चालतं. आरओचं वाया जाणारं पाणी मात्र नको, त्यात क्षार आणखी जास्त. पंख्याखाली आणि पश्चिमेच्या उन्हातही नको.

कुणी म्हणेल, महाबळेश्वरला जाऊन जिवंत मॉस आणा. आमच्या नणंदेनं आणलं होतं पिशवीभर. एक तर राखीव जंगलातून काही खरवडून आणायचं नसतं, आणि तिथल्या धुक्यात वाढलेलं मॉस सांगलीच्या मे महिन्यात कसं जगेल? साताऱ्यात यवतेश्वरच्या अंगाला कुणी राहत असेल तर पावसाळाभर त्यांना माझं हे सगळं बोलणं लागू नाही, त्यांच्याकडे कंपाउंडच्या भिंतीसुद्धा हिरव्या असतात.

आणि हो, 'कोके' म्हणजे मॉस, 'दामा' म्हणजे गोळा. म्हणजे शब्दावर बोट ठेवायचं तर परीक्षकांचं बरोबर होतं, हे मला घरी येऊन वाचल्यावर कळलं. पण ही कला ज्यातून आली त्या बोन्सायच्या नेआराई प्रकारात कुंडीत दाटलेल्या मुळांचा गड्डाच उघडा करून तबकात मांडतात. मॉस त्यावर नंतर येतं. आधी मुळं.

तुमचं सिंगोनियम अजून वाचेल. दोरा कापा, ते मॉस काढून टाका, मुळांचा काळा मऊ भाग छाटा, नव्या मिश्रणात बांधा आणि वर शेंडी. घरात मांजर असेल तर उंच टांगा, सिंगोनियम आणि मनी प्लांट चावले तर तोंडाची आग होते. वाडग्यातलं पाणी हिरवं झालं तर फोटो नक्की टाका, मला तो भिशीच्या ग्रुपवर पाठवायचाय.